मधला डबा

मी एक जुना लाकडी डबा आहे. बाहेरून काळा, आतून शेंदरी. लोक मला हातात घेऊन म्हणतात, काय शांत रंग आहे, काय खानदानी चीज आहे! पण मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. मी शांत फक्त बाहेरून आहे. आतून मी पक्का जळकुकडा आहे.

त्याला कारणही आहे. मी एकटा जन्मलो नाही. डोंगराच्या कुशीतल्या एका थंड गावात एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हा तिघा भावांना एकाच लाकडातून घडवलं. झाडाचा चीक काढून त्याचे थरावर थर आमच्यावर चढवले. बाकीच्या वस्तूंना वाळायला ऊन लागतं, आम्हाला ओलसर कपाट लागतं. कितीतरी आठवडे आम्ही तिघं त्या कपाटात अंधारात शेजारी शेजारी बसून होतो. तेव्हा आमच्यात वरचा कोण आणि खालचा कोण, हे काही नव्हतं. मग एक दिवस म्हाताऱ्याने आम्हाला बाहेर काढून एकावर एक रचलं. वरच्याला झाकण मिळालं, झाकणावर सोनेरी सारसांची जोडी. खालच्याला बैठक मिळाली. मी मधला. माझ्या डोक्यावर एकाचं बूड आणि माझ्या बुडाखाली दुसऱ्याचं डोकं, एवढीच माझी मिळकत.

आम्हाला एका घरात नव्या वर्षासाठी विकत आणलं गेलं. वर्षभर कपाटात राहायचं आणि नव्या वर्षाच्या सकाळी टेबलावर यायचं. झाकण उघडलं की पाहुणे "अगबाई!" म्हणायचे. ते "अगबाई" वरच्यासाठी असायचं. त्यात चकचकणारे गोड काळे घेवडे आणि अंड्याच्या पिवळ्या वळकट्या. माझी पाळी येईपर्यंत पोटं अर्धी भरलेली असायची आणि गप्पा भलतीकडेच गेलेल्या असायच्या. फक्त त्या घरची मुलगी, मादोका, सगळे उठून गेल्यावर टेबलाशी यायची आणि माझ्या कोपऱ्यात बोट फिरवून उरलेला रस चाटायची. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे आधी नीट पाहून घ्यायची. तेव्हापासूनच ती तशी होती.

पुढे एका हिवाळ्यात वरच्या भावाला कुणीतरी शेगडीजवळ ठेवलं आणि तो तडकला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं नाही. सारसांचं झाकण माझ्या डोक्यावर आलं. खालचा भाऊ बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवायला गेला. आणि मादोकाचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईने मला एका रेशमी रुमालात बांधून तिच्या हातात दिलं. "याला गरम पाण्यात बुडवू नकोस," आई म्हणाली, "आणि डबा आपला असो की दुसऱ्याचा, रिकामा परत जाता कामा नये. काही नसेल तर एक संत्रं ठेव. पण रिकामा नाही."

अशा रीतीने मी हिमेजी शहराच्या कडेला, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहायला आलो.

मादोका शिकलेली, हुशार बाई. पण कोयुकी झाल्यापासून तिचा एक कान कायम मुलीच्या श्वासाकडे असायचा. द्राक्षं ती उभी चिरायची, मग आडवी चिरायची. बागेत इतर बायका बोलत बसायच्या आणि ही घसरगुंडीच्या टोकाशी हात पसरून उभी. दर थोड्या वेळाने मुलीच्या मानेवर हात लावून घाम बघायची. बागेत तिला सगळे 'कोयुकीची आई' म्हणायचे. घरी नवराही तिला 'आई' म्हणूनच हाक मारायचा, आणि तो सकाळी लवकर जाऊन उशिरा यायचा.

एक दिवस दारावर थाप पडली. दारात तळमजल्यावरची बाई होती. केस कसेही वर बांधलेले, हातात कागदी ताटली.

"कोयुकीची आई, हे घ्या. रताळी तळली होती, पाकात घोळवली. पाक जरा जास्तच कडक झालाय. दात शाबूत असतील तर खा."

मादोकाने ताटलीकडे पाहिलं. "यावर काळे... तीळ आहेत का? लहान मुलांना तिळाने काही होत नाही ना?"

"आमचा दाइची दोन वर्षांचा असल्यापासून मूठमूठ तीळ खातो. तिळाने काही झालं नाही. बडबड वाढली, पण ती माझ्याकडून आली असेल." मग ती म्हणाली, "अहो, तुमचं नाव काय? कोयुकीची आई हे काय नाव झालं?"

"मादोका."

"मी तोमोए. मग मादोका, पाक दगड व्हायच्या आत खाऊन टाक."

बाई निघून गेली. मादोका ताटली हातात धरून तिथेच उभी राहिली. आपलं नाव आईखेरीज कुणाच्या तोंडून ऐकून तिला किती दिवस झाले होते, ते तिलाच ठाऊक.

कागदी ताटली काय परत द्यायची? म्हणून दुसऱ्या दिवशी मादोकाने मला काढलं. माझ्यात तांदळाचे छोटे गोळे काडीला टोचून, भाजून, वर गोडखारट सोयाचा रस घालून ठेवले आणि मला खाली नेलं. तो माझा पहिला प्रवास. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं. वर्षातून एकदा उघडणारा मी आता आठवड्यातून कितीदा तरी जिना चढायचो, उतरायचो. खालून वर येताना माझ्यात भाताचे मुटके असायचे, कधी भोपळ्याचं सारण भरलेले वाफवलेले पाव, कधी नुसत्या खारवलेल्या मुळ्याच्या चकत्या. काहीच नसेल तर दाइचीने काढलेलं बेडकाचं चित्र. पण रिकामा मी कधी आलो नाही.

आणि मी ऐकत असायचो. तोमोएच्या ओट्यावर बसून, मादोकाच्या ओट्यावर बसून. दाइचीच्या बाबांचं घोरणं, मादोकाच्या सासूचे फोन, कोयुकीने चड्डीत केलेली शू, कुणाच्या घरी कुठल्या दिवशी कुठली भाजी करपली.

"तू इतकी काळजी करतेस," तोमोए एकदा म्हणाली, "की मला काळजी करायची गरजच उरत नाही. माझ्या वाटणीची पण तूच कर बाई."

"करतेच आहे," मादोका म्हणाली. "दाइचीची चप्पल उलटी आहे कधीपासून."

दोघी हसल्या. माझ्या झाकणावरचे सारस त्या दिवशी मला जरा जास्तच सोनेरी वाटले.

मग दुसऱ्या मजल्यावर रिसाको राहायला आली.

रिसाको फार नीटनेटकी, हळू बोलणारी. तिची मुलगी नोनोका कोयुकीएवढीच. रिसाकोच्या हाताला चव होती, हे मला कबूल करावं लागेल. तिच्या पॅनकेकच्या जोड्या अशा गोल की कंपासने आखल्यासारख्या, मधे घेवड्याचं पुरण. आणि तिच्याकडे एक डबा होता. काचेचा. निळं झाकण, चारी बाजूंना खटके. बंद करताना टक्‌, टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज व्हायचा. आत काय आहे ते न उघडताच दिसायचं. काय निर्लज्जपणा! मी इतकी वर्षं झाकण उघडेपर्यंत थांबायला शिकलो आणि हा पठ्ठ्या सगळं उघडं टाकून जिन्यावरून मिरवतो.

आता जिना कसा आहे बघा. तोमोए तळमजल्यावर, रिसाको दुसऱ्या मजल्यावर, आम्ही मधे. त्या काचेच्या डब्याला खाली जायचं असो की वर यायचं असो, आमच्या दारावरून जावं लागायचं. पावलं ऐकू यायची. मादोका हातातलं भांडं तसंच ठेवून थांबायची. पावलं आपल्या दाराशी थांबतात का, हे ऐकायची. ती थांबायची नाहीत. मग खालून तोमोएचा आवाज यायचा. "रिसाको! अगं, काय मऊ झालेत गं हे!"

रिसाको! गं! म्हणजे तिलाही नावाने हाक मारायला लागली ही. मादोकाच्या छातीत काय झालं असेल ते मला बरोबर कळलं, कारण माझ्या छातीतही तेच झालं. पुन्हा आमच्या डोक्यावर कुणाचं तरी बूड आलं होतं.

मादोका बाहेरून काही दाखवायची नाही. पण बागेत तोमोए आणि रिसाको एका बाकावर बसल्या की ही घसरगुंडीशी आणखी घट्ट उभी राहायची. घरी आल्यावर कोयुकीला उगाच विचारायची, "दाइचीदादा आज कुणाबरोबर जास्त खेळला? नोनोकाबरोबर?" मुलगी म्हणायची, "सगळ्यांबरोबर." हे उत्तर मादोकाला आवडायचं नाही.

मग कोयुकी तीन वर्षांची झाली. आमच्याकडे मुलगी तीन वर्षांची झाली की तिला किमोनो नेसवून देवळात नेतात आणि घरी लाल भात करतात. चिकट तांदूळ आणि लाल घेवडे एकत्र वाफवायचे. मादोकाने आदल्या दिवशी घेवडे निवडले. फुटका एकही चालणार नाही म्हणून पुन्हा निवडले. भात झाल्यावर तिने तो माझ्यात भरला, वर मिठातले काळे तीळ पसरले आणि लाल फळांच्या झुडपाचं एक हिरवं पान ठेवलं. वरच्या मजल्यावर तिने कागदी खोक्यातून थोडा भात पाठवला. मला मात्र खाली पाठवलं. जाताना तिने माझं झाकण हाताने पुसलं, मग पुन्हा पुसलं. हा भात नुसता भात नव्हता. 'बघ, माझ्याकडे बघ,' असं ते म्हणणं होतं.

तोमोएच्या घरी भात संपायला वेळ लागला नाही. तिने मला नळाखाली धरलं, आणि एकदम नळ बंद केला.

"अरे देवा, धुवायलाच निघाले होते की मी!"

"आई, भात चिकटलाय. घाण आहे तो," दाइची म्हणाला.

"घाण कसली? आजी काय म्हणायची? शुभाच्या भाताचा डबा धुवायचा नाही. त्या घरचा आनंद मोरीत जातो." तिने मऊ कागदाने मला अलगद आतून पुसलं. एका कोपऱ्यात एक लाल घेवडा चिकटून राहिला, तो तिने मुद्दाम तसाच ठेवला. मग एक पांढरा शुभ्र कागद घडी करून माझ्यात ठेवला. "आणि हा पुढचा आनंद गुंडाळायला. हे कुणालाही नाही करायचं हां दाइची. अगदी घरच्यासारखं माणूस असेल तरच."

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगू! त्या काचेच्या डब्याला ती दर वेळी घासून, पुसून, चकचकीत करून वर पाठवायची. मला तिने धुतलं नाही. दाइचीच्या हातातून वर जाताना मी जिन्यात जवळजवळ गात होतो.

मादोकाने झाकण उघडलं.

आत काही नव्हतं. वाळलेला एक घेवडा, तीळ, कडेला चिकटलेली शितं. आणि एक कोरा कागद. तिने तो उलगडून पाहिला, उलटा करून पाहिला. एक अक्षर नाही. तिने मला नाकाशी नेलं. लहान मूल असलेल्या घरात असा खरकटा डबा? तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली. मादोकाने दाराच्या भिंगातून पाहिलं. तोमोए वर निघाली होती. हातात काचेचा डबा, आरशासारखा लखलखीत, आत भाजलेल्या गोळ्यांच्या काड्या.

मादोकाला तिच्या घरी ही डोंगरातली रीत कुणी शिकवली नव्हती. ही रीत तोमोएच्या गावची होती, शिकोकू बेटाच्या आतल्या भागातली. आणि मला तोंड नाही. माझ्यात ओरड भरली होती, पण मला ती ओतता येईना.

मादोकाने सिंकमध्ये उकळतं पाणी सोडलं आणि मला त्यात बुडवलं. आईने काय सांगितलं होतं ते तिला आठवत होतं. मला दिसलं तिच्या चेहऱ्यावर, आठवत होतं. तरी तिने मला खरखरीत घासणीने घासलं. आणि तसंच पाण्यात ठेवून ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. माझ्या काळ्या रंगावर पांढरे डाग आले. एका कोपऱ्याचा लेप फुगून उचलला गेला. तो कोरा कागद कचऱ्यात गेला.

मग मी गॅलरीत गेलो. माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. ऊन आणि वारा यांना आम्ही घाबरतो, हे आम्हाला घडवणारा म्हातारा जाणून होता. गॅलरीत ते दोघंच होते. खालून कधीकधी तोमोएचा आवाज यायचा. "मादोका! आहेस का घरात? बऱ्याच दिवसांत वरून काही आलं नाही!" मादोका पडद्याआड उभी राहून ऐकायची. उत्तर द्यायची नाही. नंतर नंतर खालून हाका यायच्या बंद झाल्या. बागेत दोघी एकमेकींना मान लववून नमस्कार करायच्या, अगदी नीट, परक्यासारख्या. कोयुकी विचारायची, "आपण खाली का जात नाही?" मादोका म्हणायची, "त्यांना वेळ नसतो." आणि मग कोयुकीच्या मानेवर हात लावायची, घाम नसतानाही.

हिवाळा संपत आला. एका वाऱ्याच्या दिवशी वरच्या गॅलरीतून नोनोकाचा छोटा पायमोजा उडून आमच्या गॅलरीत पडला. रिसाको तो न्यायला आली.

"माफ करा हं, उगाच त्रास," म्हणत ती गॅलरीत वाकली, आणि तिची नजर माझ्यावर पडली. ती वाकलेलीच राहिली. "हा... हे सारस... हा तोच डबा का हो?"

"कुठला तोच?" मादोका म्हणाली.

"मादोकाचा डबा. तोमोएच्या तोंडी सारखा असतो. आणि तुम्ही यात चिमटे ठेवलेत?"

"जुना झालाय," मादोका म्हणाली. "आणि तिच्या तोंडी कशाला असेल? एवढाच लाडका असता तर खरकटा पाठवला नसता."

रिसाको सरळ उभी राहिली. पायमोजा हातात चुरगाळत म्हणाली, "खरं सांगू का? मला तुमचा हेवाच वाटतो. मी इतका खाऊ नेते, इतकं मापात, इतकं निगुतीने करते. दर वेळी माझा डबा घासून येतो. एकदा मी तिला म्हटलं, कशाला गं एवढी घासाघीस? तर म्हणाली, पाहुण्याचा डबा घासायचाच असतो. मादोकाचा लाल भाताचा डबा तेवढा मी धुतला नाही, म्हणाली. आमच्या गावाकडे धूत नाहीत. त्या घरचा आनंद मोरीत जातो. घरच्यासारख्या माणसालाच असं देतात म्हणे, कोरा कागद घालून." ती ओशाळून हसली. "घरी जाऊन मी माझ्या डब्याकडे बघत बसले. काचेचा आहे ना, काही चिकटतच नाही त्याला."

रिसाको गेल्यावर मादोका गॅलरीत खाली बसली. तिने मला उलटं केलं, चिमटे फरशीवर सांडले. आणि लहानपणी फिरवायची तसं बोट माझ्या कोपऱ्यात फिरवलं. तिथला घेवडा तिनेच घासून काढला होता. तिथे आता फुगलेला लेप होता, तो तिच्या बोटाला टोचला.

वसंतात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी आमच्याकडे भाताचे लाडू करतात, वर घेवड्याच्या पुरणाचा जाड लेप. मादोकाने ते केले. काही वाकडे झाले, ते तिने पुन्हा केले नाहीत. मला ओल्या फडक्याने हलकेच पुसलं, लाडू भरले आणि ती जिना उतरली. दारासमोर ती इतका वेळ उभी राहिली, की शेवटी दाइचीनेच खेळायला जाताना दार उघडलं.

"आई! वरची मादोकाकाकू!"

तोमोए आली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्यावरच्या पांढऱ्या डागांकडे पाहिलं. "हे काय झालं याला?"

"मी धुतला," मादोका म्हणाली. "उकळत्या पाण्याने. तू तसाच पाठवलास म्हणून."

तोमोए म्हणाली, "तसाच पाठवला म्हणून रागावलीस? मला वाटलं, आमची गावठी रीत तुला घाणेरडी वाटली. मी रोज जिन्यावर कान लावून असायचे, डबा येईल म्हणून."

"तू रिसाकोचा घासून देत होतीस. मला वाटलं..."

"अगं वेडे, तिचा घासते कारण ती माझ्याकडे अजून पाहुणीच आहे!" तोमोएने डोळे पुसले, मग नाकही पुसलं. "मला विचारायचंस ना! एवढी द्राक्षं चार-चार तुकडे करून बघतेस, आणि एवढी गोष्ट उघडून बघितली नाहीस?"

"पाणी फारच गरम होतं," मादोका एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली. तोमोएने तिच्या हातातून मला घेतलं, एक वाकडा लाडू उचलून तिच्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "आत ये आधी. जिन्यात रडलीस की आवाज पाचव्या मजल्यापर्यंत जातो."

मित्रांनो, माझे डाग गेले नाहीत. फुगलेला कोपरा तसाच आहे. पण मी पुन्हा जिन्यावर आहे. तुम्हाला एकच विनवणी करतो. माझ्यासारख्या जुन्या डब्यांना गरम पाण्यात बुडवू नका, शेगडीशी ठेवू नका, चिमटे भरू नका. आणि डबा तुम्हाला हवा तसा परत आला नाही, तर त्याला घासायला घेण्याआधी देणाऱ्याच्या दारावर एकदा थाप मारा. आम्हा डब्यांना सगळं ठाऊक असतं, पण आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

मी सुधारलो का, असं विचाराल. एप्रिलात नोनोका बालवाडीत जाऊ लागली. रिसाकोने लाल भात केला आणि काचेच्या डब्यात भरून आमच्या दाराशी आणला. पावलं या वेळी आमच्याच दाराशी थांबली. भात संपल्यावर मादोकाने तो डबा नळाखाली नेला नाही. मऊ कागदाने पुसला, एक घेवडा कोपऱ्यात राहू दिला, कोरा कागद घडी करून ठेवला, आणि टक्‌, टक्‌, टक्‌, टक्‌ करून झाकण लावलं. वर पोचवायच्या आधी तो थोडा वेळ ओट्यावर माझ्या शेजारी बसला होता. खिडकीतून ऊन आलं आणि काचेतून आरपार तो लाल घेवडा माणकासारखा चमकायला लागला. मला चिकटला होता तो कुणालाच बाहेरून दिसला नव्हता.

असा जळलो म्हणून सांगू!